फर्नांडिस, रेमो

(८ मे १९५३ – ). भारतीय रॉक गिटारवादक, बहुवाद्यवादक, गीतकार, संगीतकार व गायक. संपूर्ण नाव लुईस रेमो दी मारिया बेर्नार्दो फर्नांडिस. जन्म गोव्यात पणजी येथे. वडिलोपार्जित घर बार्देश तालुक्यातील शिवोली गावी. इंग्रजी, कोकणी, हिंदी, पोर्तुगीज व फ्रेंच या भाषांतून त्यांनी गीते गायिली आहेत. सर्वसामान्य श्रोता त्यांना १९९० च्या दशकातील काही हिंदी चित्रपटगीतांमुळे ओळखतो. परंतु त्यांचे खरे महत्त्व त्याआधीच्या दशकातील कार्यात आहे. गावातील घरी बसून, सर्व वाद्ये स्वतः वाजवून, स्वतःच ध्वनिमुद्रण करून व स्वतःच विक्री करून त्यांनी आपले संगीत लोकांपर्यंत नेले. गोव्यातील वादकांची पिढ्यान्‌पिढ्यांची स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय या घटनेचा अर्थ उलगडत नाही.

मराठी वाचकाला गोव्याचे संगीत म्हटले की केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर, जितेंद्र अभिषेकी ही नावे आठवतात. हा प्रवाह देवळांच्या आश्रयाने वाढला. त्याच भूमीत दुसरा एक प्रवाह चर्चच्या आश्रयाने वाढला व त्याची ओळख मराठी समाजाला फारच थोडी आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांची सत्ता स्थापन झाल्यानंतर त्याच शतकात चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन, व्हायोलिनवादन व समूहगायन शिकविले जाऊ लागले. या शिक्षकास ‘मेस्त’ म्हणत. गावच्या प्रार्थनेसाठी गायक-वादक तयार करणे हे त्याचे काम असले, तरी त्याच्या हाताखाली शिकलेली मुले लग्नात, उत्सवात व तियात्रांतही वाजवीत. त्यामुळे कागदावरील स्वरलिपी पाहताक्षणी वाजवू शकणारा खेडुत हे दृश्य गोव्यात नवलाचे राहिले नाही. याच वातावरणात एकोणिसाव्या शतकात मांडो हा गीत-नृत्यप्रकार घडला. संथ सहामात्रिक चालीचा मांडो, त्याला जोडून येणारे द्रुत लयीचे दुलपद आणि नर्तकीच्या पदन्यासाशी निगडित देखणी या प्रकारांत शब्द कोकणी, स्वरसंवाद पाश्चात्त्य आणि ठेका पुष्कळदा घुमटाचा, असे मिश्रण आढळते. मातीच्या घटावर कातडे ताणून केलेले घुमट हे वाद्य हिंदू व ख्रिस्ती दोन्ही समाजांत वाजते. २०१९ मध्ये गोवा शासनाने त्यास वारसा-वाद्याचा दर्जा दिला.

दोन्ही प्रवाहांतील कलावंतांना पोटासाठी गोवा सोडावा लागला व दोन्ही मुंबईत आले. मात्र त्यांच्या वाट्याला आलेले फळ सारखे नव्हते. गायकास घराणे मिळाले, बुवा किंवा बाई अशी आदराची उपाधी मिळाली, ध्वनिमुद्रिकेवर नाव मिळाले. ख्रिस्ती वादकाला मात्र संस्थानिकांचे बँड, लष्करी पथके, हॉटेलांतील नृत्यगृहे, आगबोटी आणि अखेर चित्रपटांचे वाद्यवृंद एवढीच वाट होती. हळदोणे येथील आंतोनियो शाविएर व्हाझ, म्हणजेच चिक चॉकलेट (१९१६–६७), हे ट्रम्पेटवादक सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदातील महत्त्वाचे सहकारी. अलबेला (१९५१) या चित्रपटात ते पडद्यावरही दिसतात. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या अनेक गीतांचे वाद्यसंयोजन केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक व संयोजक म्हणून काम केले आणि १९५८ मध्ये भारतीय राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा स्वतंत्र वाद्यवृंद उभा केला. या मंडळींनी चालीला वाद्यांचा पेहराव चढविला. मधले वाद्यखंड रचले. वादकांसाठी स्वरलिपी लिहून दिल्या. मोबदला ध्वनिमुद्रणाच्या हिशेबाने मिळे आणि श्रेयनामावलीत बहुधा संगीत दिग्दर्शकाचेच नाव येई. अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७ मध्ये, अमर अकबर अँथनी चित्रपटातील एका विनोदी गीतामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचे नाव त्यात गुंफले होते. गुरूच्या दीर्घ साधनेपेक्षा एका गंमतीच्या गाण्याने त्यांची कीर्ती अधिक व्हावी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. गोव्याच्या लोकधुनांचेही असेच झाले. एका प्रसिद्ध देखणीची चाल बॉबी (१९७३) या चित्रपटातून भारतभर गेली. पण ती मूळची कोकणी आहे हे ऐकणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक होते.

कोकणी संगीतात स्वतःच्या नावाने उभे राहण्याचा प्रयत्न त्या काळी झालाच नाही असे नव्हे. ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी (१९२८–२००२) यांनी गायिका लोर्ना यांच्यासह जॅझचा बाज असलेली कोकणी गीते लोकप्रिय केली. ट्रम्पेटवादक व संयोजक फ्रँक फर्नांड यांनी आमचें नशीब (१९६३) आणि निर्मोण (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. मात्र ही सर्व धडपड मुंबईतूनच चालली, कारण ध्वनिमुद्रणगृहे व मुद्रिका काढणाऱ्या कंपन्या मुंबईत होत्या.

रेमो यांचे बालपण दोन राजवटींच्या सांध्यावर गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. घरात पोर्तुगीज व कोकणी, शाळेत इंग्रजी आणि भोवताली मराठी व हिंदी अशा बहुभाषी वातावरणात ते वाढले. पाश्चात्त्य तरुणांच्या नव्या संगीताची, रॉक अँड रोलची, ओळख त्यांना लहानपणीच परदेशातून आलेल्या ध्वनिमुद्रिकांतून झाली. पुढे बीटल्सच्या संगीताने त्या पिढीतील असंख्य मुलांप्रमाणे त्यांच्याही हाती गिटार दिली. शालेय वयातच त्यांनी मित्रांसह ‘द बीट फोर’ हा गिटारमेळ काढला. मेस्ताच्या शाळेतून आलेल्या वादकांच्या पिढीहून ही पिढी एका बाबतीत वेगळी होती. जुने वादक लिहिलेले वाजवीत. ही मुले ऐकून वाजवीत. गिटारमेळात चौघांचे चार वाटे असले, तरी गीत रचणारा, चाल बांधणारा व गाणारा बहुधा एकच असे. वादकाने स्वतःच गीतकार व्हावे, हा बीटल्सचा धडा तंत्रापेक्षाही महत्त्वाचा ठरला.

वास्तुशास्त्राच्या पदवीसाठी रेमो मुंबईस सर ज. जी. वास्तुशास्त्र महाविद्यालयात आले. १९७० च्या आसपास मुंबईत रॉक मेळांचा एक छोटा पण उत्साही वर्ग तयार झाला होता. एका सिगारेट कंपनीने भरविलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांमुळे (१९७० व १९७१) देशभरातील मेळांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. ‘द सॅव्हेजेस’ हा मुंबईतील अशांपैकी एक नावाजलेला मेळ. रेमो त्यात सामील झाले. याच काळात मराठी रंगभूमीवरील अभिनेते आत्माराम भेंडे यांचे पुत्र नंदू भेंडे हे ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या मेळातून गात होते. १९७४ मध्ये ॲलेक पदमसी यांनी सादर केलेल्या जीझस क्राइस्ट सुपरस्टार या रॉक संगीतिकेत जुडासची भूमिकाही त्यांनी केली. हा वर्ग हुशार होता, पण त्याची अडचण मूलभूत होती. श्रोत्यांना परदेशी गाणी हुबेहूब हवी असत. स्वतःची रचना वाजविली की सभागृहात गप्पा सुरू होत. भारतीय तरुणाने भारताविषयी इंग्रजीत रॉक गीत लिहिणे, ही कल्पनाच अनेकांना चमत्कारिक वाटे. रेमो यांचा पुढील सर्व खटाटोप या चमत्कारिकपणाशीच होता.

शिक्षण संपल्यावर त्यांनी वास्तुशास्त्राचा व्यवसाय धरला नाही. मुंबईहून ते गोव्यास परतले. हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर साठीच्या दशकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य हिप्पी तरुणांचा वावर होता. शिवोलीहून हा किनारा हाकेच्या अंतरावर. स्थानिक समाज या पाहुण्यांकडे संशयाने पाही, व त्यास कारणेही होती. परंतु त्यांच्याबरोबर आलेली वाद्ये, ध्वनिमुद्रिका व खुल्या मैफलींची रीत यांचा गोव्यातील तरुण वादकांना लाभ झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेमो यांनी युरोप व उत्तर आफ्रिकेत पडेल त्या वाहनाने प्रवास केला, रस्त्यांवर व लहान मंचांवर वाजविले आणि फ्रान्समध्ये ‘रॉक सिनर्जी’ या मेळाबरोबर काही काळ काम केले. परदेशी राहून तिथलेच होणे त्यांना शक्य होते. ते मात्र १९८० च्या सुमारास शिवोलीस परत आले.

परतल्यावर आपली गीते घेऊन त्यांनी मुंबईतील ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. गोव्याविषयीची इंग्रजी गाणी घेणार कोण, असा व्यापारी हिशेब पुढे आला व त्यांना नकार मिळाला. हा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. ध्वनिमुद्रिका काढायची म्हणजे ध्वनिमुद्रणगृहाचे तासागणिक भाडे, वादकांचे मानधन, तबकड्या दाबणारा कारखाना आणि देशभर माल पोहोचविणारी यंत्रणा हे सर्व लागे. भारतात दीर्घकाळ यावर मुख्यतः ग्रामोफोन कंपनीचीच पकड होती. काही हजार प्रती खपण्याची खात्री नसेल, तर असा खर्च कोणी करीत नसे.

दोन यंत्रांनी हे गणित बदलले. त्यांतील पहिले म्हणजे कॅसेट. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही छोटी ध्वनिफीत भारतात १९८० च्या सुमारास सर्वत्र पसरली. तिच्या प्रती काढण्यास कारखाना लागत नसे, आणि ती वाजविण्याचे यंत्र तबकडीच्या यंत्रापेक्षा स्वस्त व सुटसुटीत असे. मुंबई-आग्रा महामार्गावरील घोटीसारख्या बाजारगावांच्या चहाच्या दुकानांपर्यंत ते गेले. चित्रपटगीते, भजने, लावण्या, लोकगीते या सर्वांना त्यामुळे नवी बाजारपेठ लाभली. दुसरे यंत्र कमी परिचित, पण संगीतकारांच्या दृष्टीने अधिक मोलाचे. साध्या कॅसेटवरच चार स्वतंत्र ट्रॅक एकाच दिशेने मुद्रित करणारे हे छोटे यंत्र टीॲक या जपानी कंपनीने १९७९ मध्ये बाजारात आणले.

या यंत्राची रीत समजून घेणे उपयुक्त ठरेल. वादक प्रथम एका ट्रॅकवर, समजा, गिटारीचा ठेका मुद्रित करतो. फीत मागे नेऊन कानाला लावलेल्या श्रवणयंत्रातून तोच ठेका ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर बेस वाजवितो. मग तिसऱ्यावर तालवाद्य. आता हे तिन्ही एकत्र मिसळून चौथ्या ट्रॅकवर उतरविले, की पहिले तीन पुन्हा मोकळे होतात व त्यांवर बासरी, गायन, साथीचे आवाज घेता येतात. एकाच माणसाच्या हातून पुरा वाद्यवृंद उभा राहतो. याची किंमतही असते. प्रत्येक मिसळणीबरोबर फितीची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेल्या वाद्यांचा तोल नंतर सुधारता येत नाही. म्हणून तिसरे वाद्य वाजवीत असतानाच आठवे कोठे बसणार, याचा विचार मनाशी पक्का असावा लागतो. अनेक ट्रॅक एकमेकांवर रचण्याची युक्ती मूळची अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांची. बीटल्सचा १९६७ मधील प्रसिद्ध संग्रहही लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहातील चार ट्रॅकच्याच यंत्रांवर घडला. माइक ओल्डफील्ड या तरुण इंग्रज वादकाने १९७३ मध्ये बहुतेक सर्व वाद्ये स्वतः वाजवून ट्यूब्युलर बेल्स ही दीर्घ रचना सिद्ध केली, तीही सुसज्ज ध्वनिमुद्रणगृहात. शिवोलीच्या घरात पावसाळ्याची दमट हवा आणि विजेचा लहरी पुरवठा एवढीच सामग्री अधिक होती.

गोवन क्रेझी (१९८४) हा पहिला संग्रह अशा रीतीने तयार झाला. गीते, चाली, गिटार, बासरी, की-बोर्ड, तालवाद्ये, गायन, साथीचे आवाज, ध्वनिमुद्रण आणि वेष्टनाची सजावट हे सर्व रेमो यांनीच केले. कॅसेटींच्या प्रती काढून ते आपल्या पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचवीत फिरले. लोक या गोष्टीकडे सामान्यतः हौशी तरुणाची गंमत म्हणून पाहतात. वास्तविक गोव्यातील वादकाने आपल्या वाद्यवादनाचे, रचनेचे व मुद्रणाचे सर्व श्रेय आणि उत्पन्न आपल्याच गावी राहून आपल्याकडे ठेवल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. चिक चॉकलेट किंवा सेबास्टियन यांच्याजवळ कसब कमी नव्हते. त्यांच्याजवळ यंत्र नव्हते.

संग्रह खपला त्याचे कारण मात्र यंत्र नव्हे. गीतांतून गोव्यातील माणसांना आपलेच जग ऐकू आले. टेलिफोनच्या दुर्दशेवर रचलेले उपरोधिक गीत तर विशेष गाजले. ज्या काळी पणजीहून म्हापशाला दूरध्वनी लावण्यापेक्षा स्वतः जाऊन येणे जलद वाटे, त्या काळी टेलिफोनच्या जनकास उद्देशून रचलेली ही तक्रार प्रत्येकाला स्वतःची वाटली. किनाऱ्यावरील पर्यटकांची गर्दी, सुशेगाद वृत्तीचे गोडवे गाणारे बाहेरचे लोक, स्थानिक पुढारी हे त्यांचे इतर विषय. इंग्रजी उच्चारही परदेशी घाटाचे न करता त्यांनी गोव्याच्या बोलण्यातील लकबी जाणूनबुजून वापरल्या. भारतीय इंग्रजीला गाण्यात हसण्यावारी न नेता, तिच्यातच गाणे रचण्याचे हे धाडस तेव्हा नवे होते.

पाठोपाठ ओल्ड गोवन गोल्ड (१९८५) आला. या संग्रहात त्यांनी मांडो, दुलपद, देखणी अशा जुन्या गीतांना गिटार व आधुनिक वाद्यांच्या साथीने नव्याने सादर केले. परंपरेच्या अभिमान्यांना मांडोची शालीन लय रॉकच्या ठोक्याखाली दबते असे वाटणे स्वाभाविक होते. त्या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. पण मांडो स्वतःच एकोणिसाव्या शतकातील एक संकर आहे. त्या काळच्या गोव्याने युरोपीय नृत्यगृहातून जे घेतले, तेच विसाव्या शतकातील गोव्याने गिटारमेळातून घेतले. शिवाय लग्नसमारंभांपुरती उरलेली ही गीते कॅसेटमुळे पुन्हा तरुण घरांत वाजू लागली, हा लाभ लहान नव्हे.

याच वर्षी श्याम बेनेगल यांचा त्रिकाल (१९८५) हा चित्रपट प्रदर्शित झाला. मुक्तीच्या उंबरठ्यावरील एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबाची ही कथा मारिओ मिरांडा यांच्या लोटली येथील वाड्यात चित्रित झाली. वनराज भाटिया यांचे संगीत असलेल्या या चित्रपटात रेमो गायिले व पडद्यावरही दिसले. पंकज पराशर यांच्या जलवा (१९८७) चित्रपटातील शीर्षकगीतामुळे ते हिंदी श्रोत्यांना परिचित झाले. दरम्यान सीबीएस या कंपनीने त्यांचे संग्रह प्रकाशित करण्यास सुरुवात केली होती. पॅक दॅट स्मॅक (१९८६) या संग्रहाच्या शीर्षकगीतात त्यांनी हेरॉइनच्या व्यसनावर हल्ला चढविला. ‘स्मॅक’ नावाने ओळखले जाणारे हे विष १९८० च्या दशकात भारतीय शहरांत झपाट्याने पसरले. १९८५ मध्ये अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा झाला तो याच पार्श्वभूमीवर. रॉक संगीत आणि व्यसन यांचे नाते गृहीत धरणाऱ्या समाजाला रॉक गायकाकडूनच हा इशारा ऐकावयास मिळाला. बॉम्बे सिटी (१९८७) हा त्यानंतरचा संग्रह. पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथील आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सवातही याच दशकात त्यांना पारितोषिके मिळाली.

पंतप्रधान राजीव गांधी यांना उद्देशून केलेल्या त्यांच्या गीताचा प्रसंग या काळातील आहे. पंतप्रधानांच्या उपस्थितीत गोव्यात झालेल्या कार्यक्रमात त्यांनी हे गीत म्हटले. देशाच्या प्रमुखास एकेरी सलगीने हाक मारून गाऱ्हाणे सांगणे अनेकांना उद्धटपणाचे वाटले व वृत्तपत्रांतून बराच वाद झाला. स्वतः पंतप्रधानांनी मात्र आपणास गाणे आवडल्याचे कळविले आणि वाद निवळला. तियात्रातील ‘कांतार’ गीतांत पुढाऱ्यांची नावे घेऊन टीका करण्याची प्रथा गोव्यात जुनीच आहे. रेमो यांनी तीच प्रथा रॉकच्या मंचावर नेली, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. पुढे १९९२ मध्ये त्यांनी राजकारण्यांवरील उपहासाचा संपूर्ण संग्रहच काढला.

अखिल भारतीय कीर्ती त्यांना मिळाली ती पार्श्वगायक म्हणून. ए. आर. रहमान यांचे संगीत असलेल्या बॉम्बे (१९९५) चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतील ‘हम्मा हम्मा’ हे गीत आणि जतीन-ललित यांचे संगीत असलेल्या प्यार तो होना ही था (१९९८) चित्रपटातील जसपिंदर नरूला यांच्यासह गायिलेले शीर्षकगीत देशभर वाजले. ओ मेरी मुन्नी हा त्यांचा हिंदी गीतसंग्रह त्याच दशकाच्या अखेरीस उपग्रह वाहिन्यांच्या आश्रयाने खूप लोकप्रिय झाला. या यशात एक विसंगती आहे. चित्रपटगीतांत चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, वाद्यसंयोजन दुसऱ्याचे. रेमो यांचा वाटा फक्त खणखणीत, किंचित खरखरीत आवाजाचा. ज्या दालनातून जुने गोमंतकीय वादक निनावी बाहेर पडले, त्याच दालनात हे नाव घेऊन आत गेले, एवढा फरक निश्चितच आहे. तथापि बहुवाद्यवादक व रचनाकार म्हणून त्यांची जी ओळख होती, ती या गीतांनी पुसट केली. आजचा श्रोता त्यांना गायक समजतो. गिटारवादक म्हणून फारसे जाणत नाही.

वादक म्हणून त्यांची जातकुळी चपळाई दाखविणाऱ्या गिटारपटूंची नाही. त्यांची गिटार मुख्यतः ठेका धरते, गाण्याला पुढे ढकलते व शब्दांना वाट करून देते. लांब एकलवादनाची हौस असलीच तर ती बासरीवर भागविली जाते. बांबूच्या बासरीचा स्वर रॉकच्या ठोक्यावर सोडून देण्याची लकब त्यांच्या अनेक रचनांत आढळते. कित्येक वाद्ये येणाऱ्या माणसाची मर्यादाही त्यांच्या ध्वनिमुद्रणांत दिसते. सगळी वाद्ये एकाच हातची असल्यामुळे ती एकमेकांशी सहमत होतात, वाद घालीत नाहीत. चार वेगळ्या स्वभावांच्या वादकांच्या झटापटीतून येणारी ऊर्जा घरगुती संग्रहांत थोडी उणी पडते. मंचावर, सहकारी वादकांबरोबर, हे उणेपण राहत नाही, असा त्यांच्या कार्यक्रमांना गेलेल्या श्रोत्यांचा अनुभव आहे. चाली साध्या, पटकन ओठांवर येणाऱ्या. शब्द चतुर, प्रसंगी अतिचतुर. तात्कालिक विषयांवरील उपहासगीते विषयाबरोबर जुनी होतात, हा धोका त्यांनाही चुकलेला नाही. टेलिफोनवरील गीत समजून घेण्यास आजच्या तरुणाला टीप लागेल.

याउलट कोकणी गीतांचे आयुष्य अधिक दीर्घ दिसते. दुलपदाच्या वळणाची ‘मारिया पिताशे’ ही त्यांची रचना डेव्हिड (२०१३) या हिंदी चित्रपटात नव्याने वापरली गेली आणि नव्या पिढीच्या तोंडी बसली. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली व त्याच वर्षी ३० मे रोजी गोव्यास घटकराज्याचा दर्जा मिळाला. त्या सुमाराच्या भाषावादात लिपी आणि जात यांवरून पडलेल्या भिंती गाण्यांनी किती ओलांडल्या, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. शिवोलीच्या जागरात हिंदू व ख्रिस्ती एकत्र येतात. सांजांवच्या दिवशी, २४ जूनला, सजविलेल्या होड्या तेथील पाण्यावर निघतात. अशा गावात वाढलेल्या संगीतकाराला संकर ही तत्त्वचर्चेची बाब वाटत नाही.

भारत सरकारने २००७ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. पुढील वर्षांत त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्याचे उघड झाले व त्यावरून टीका झाली. पोर्तुगालच्या कायद्यानुसार १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना तेथील नागरिकत्वाची नोंद करता येते. भारतीय कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने अशी नोंद करणाऱ्यास भारतीय नागरिकत्व गमवावे लागते. गोव्यातील हजारो कुटुंबांनी रोजगारासाठी हा मार्ग पत्करला आहे. तेव्हा हा प्रश्न एका कलावंतापुरता मर्यादित नाही, आणि मुंबईला जाणाऱ्या जुन्या वादकांच्या वाटेशी त्याचे नाते जवळचे आहे. उत्तरकाळात त्यांनी मदर तेरेसा यांच्या जीवनावरील संगीतिकेची रचना केली. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.